उघाडीवरचं घड्याळ

जिताडा पाण्याबाहेर काढला म्हणून लगेच मरत नाही. तोंडाची उघडझाप करत पडून राहतो, आणि तुम्ही वाकलात की शेपटीने गाल फोडतो. त्याच्या डोक्यात घालावं लागतं. माझी बायको कपडे धुवायच्या धोपटण्याने घालायची. एकच घाव. डोळ्यांच्या जरा मागे, बरोबर जागेवर. दुसरा घालायची वेळ आली तर दिवसभर स्वतःवर चिडलेली असायची. "मरायचंच हाय त्याला," म्हणायची, "पन हाल करून कशाला मारायचा?"

तळं तिचं होतं. रेवदंड्याच्या खाडीत आत, आमच्या भातशेताच्या कोपऱ्यात, खाडीच्या बांधाला लागून. पावसाच्या तोंडाला जिताड्याची बोटभर पिल्लं खाडीत येतात. ती पकडून तळ्यात सोडायची आणि कोळंबीचा कचरा, बारकी मासळी घालून वाढवायची. आमच्याकडे पुष्कळ घरी हे चालतं. बांधाच्या पोटातून सिमेंटची मोरी तळ्यात येते. मोरीच्या तोंडाला जाड फळी, ती खाचेत वर-खाली सरकते. ती आमची उघाडी. भरती चढायला लागली की फळी उचलायची, ताजं पाणी आत घ्यायचं, आणि पाणी जोरावर यायच्या आत फळी पाडायची. मासे जाऊ नयेत म्हणून आत जाळी असते, पण अवसेच्या, पुनवेच्या उधाणापुढे जाळीचं काय चालतं! फळी वेळेवर पडली नाही तर जाळी फाटते, मागून ओहोटी लागते, आणि ओहोटीबरोबर तळं रिकामं होतं.

भरतीची वेळ रोज पुढे सरकते. बायको तिथीवरून हिशेब करायची, घड्याळाकडे बघायची नाही. भाकरी तव्यावर टाकलेली असताना उठायची, मला म्हणायची, "तेवढी उलटा हां," आणि फळी पाडून परत येते तर भाकरी करपलेली. मी बसल्या जागी विडी ओढत. मग ज्या शिव्या! बांधापलीकडे ऐकू जायच्या.

ती उंदराच्या तापाने गेली. चिखलातून होतो तो. पायाला बारकी जखम होती, तेवढी त्याला पुरली. डॉक्टर म्हणाला, आणायला उशीर केलात. मी त्याची कॉलर धरली. दोघा वॉर्डबॉयनी मला भिंतीला दाबून धरलं, माझा खांदा उतरायचा बाकी राहिला. घरी आलो आणि कोयत्याने अंगणातला शेवगा बुंध्यापासून तोडला. का, ते मला विचारू नका. हातात कोयता होता आणि समोर शेवगा होता.

त्यानंतर मला वेळ कळेनाशी झाली. भूक लागली तरी कळेना. फळी कधी उचलायची राहायची, कधी पाडायची. तळ्याचं पाणी हिरवं झालं, वास मारू लागलं, आणि एका सकाळी बघतो तर बरेच जिताडे पोट वर करून पडलेले. कावळे त्यांचे डोळे खात होते. मी दगड मारून एक कावळा पाडला आणि तो मेल्यावरही मारत राहिलो.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं, या तळ्यातला मासा आता कोणी मारायचा नाही. सणाला नाही, पाहुण्याला नाही. तिने घास घालून वाढवलेलं जेवढं जिवंत उरलंय तेवढं जिवंत राहिलं पाहिजे. मला दुसरं काही नको होतं.

उरलेल्यांत एक मोठा होता, माझ्या मांडीएवढा. बायको त्याला दादला म्हणायची. "तुमच्यापरीस ह्यो बरा," म्हणायची, "वेळेवर जेवतो आणि उलटं बोलत न्हाय." ती काठावर बसली की तो पायाशी यायचा. मी बसलो की यायचा नाही.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, रेवदंड्याला राहतो, त्याची होडी आहे. तळ्यातला वर्षाचा पहिला जिताडा निघाला की त्याचं डोकं ती भावाला पाठवायची. डोकं म्हणजे जिताड्याची खरी चव. ते सासरी नाही शिजवायचं, माहेरी जायचं, अशी तिचीच रीत. औंदा मासाच मारला नाही, तर डोकं कुठून जाणार? मेव्हणा येता-जाता टोमणे मारायचा. "दाजी, माशे पाळलेत का सासू पाळलीय?"

मी म्हणायचो, "सासू असती तर तिला आधी तुझ्या घरी धाडली असती."

लेक पनवेलला विजेचे मीटर दुरुस्त करण्याच्या कारखान्यात आहे. तिने मेलेले मासे बघितले आणि निघून गेली. पुन्हा आली ती एक डबा घेऊन. आत हिरवा बोर्ड, त्यावर झुरळाएवढी काळी चिप, तिला दोन्ही बाजूंनी पाय. बाहेर बॅटरी, वर सूर्यावर चालणारी काच, आणि एक मोटर. मोटरला आटे पाडलेला लोखंडी गज जोडला, गजाला फळी. मोटर फिरली की फळी इंचाइंचाने वर, उलटी फिरली की इंचाइंचाने खाली. हाताने ढकलून ती जागची हलत नाही, आट्यांत अडकून राहते. भरतीच्या वेळा तिने चिपच्या पोटात भरल्या होत्या.

पहिले काही दिवस बरं चाललं. मग फळी चुकायला लागली. आधी थोडी, मग बरीच. मी दगड घेऊन डबा फोडायला निघालो होतो. फोनवर लेक ओरडली, "बाबा, हात लावशील तर बघ! चिपच्या आतलं घड्याळ हाय ते. उन्हाने तापलं की त्याची चाल बदलते. वेळ धरायला त्याला बाहेरचं घड्याळ लावायला लागेल."

"मग आधी का न्हाय लावलंस?"

"आधी वाटलं, भागेल."

रविवारी आली. एक चपटी पत्र्याची डबी दाखवली, भोपळ्याच्या बीपेक्षा मोठी नाही, खाली दोन तारा. क्रिस्टल म्हणतात तिला. आत गारगोटीचा बारीक तुकडा असतो, त्याला वीज दिली की तो थरथरतो, आणि ऊन असो पाऊस असो, त्याची थरथर फारशी बदलत नाही. त्या ठोक्यावर चिपने चालायचं. मी म्हटलं, एवढी नाजूक वस्तू खाऱ्या हवेत कशाला ठेवतेस, घरात ठेव, तिथून तार ने. ती म्हणाली, "लांबून न्हाय चालत. वाटेतच ठोका मरतो. चिपच्या पायाशी चिकटूनच बसवायला लागतं."

पडवीत बसून तिने ते जोडलं. आधी चिपला लॅपटॉपवरून सांगितलं की इथून पुढे आतलं घड्याळ सोड, बाहेरचं ऐक. मग डबी शिशाने चिकटवली, दोन्ही तारांना एकेक बारका कपॅसिटर लावला, आणि वीज दिली. काही नाही. पुन्हा दिली. दिवा लागेना, मोटर हलेना, लॅपटॉपलाही चिप उत्तर देईना.

"मारलीस?" मी म्हणालो.

ती बोर्ड डोळ्यांजवळ नेऊन टाके बघू लागली.

"एकुलती एक होती ना? मारून टाकलीस तीपण!"

मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. तो तिच्या डोक्यावरून गेला, चार बोटं खाली असता तर लागला असता. ती जागची हलली नाही. सोल्डरची तापलेली सळई तिच्या हातात होती. ती माझ्याकडे रोखून म्हणाली, "आणखी एक वस्तू फेकलीस तर ही तुझ्या हातावर ठेवीन. मेली न्हाय ती. तिला सांगितलंय, बाहेरचं ऐक. आणि माझा टाका कच्चा राहिलाय, म्हणून बाहेरून काहीच येत न्हाय. मग ती करणार काय? बसलीय वाट बघत. ना मागे जाता येत, ना पुढे."

मी उठून मागच्या दारी गेलो आणि लाकडं फोडली. ओंडका फुटून संपला तरी घाव घालत राहिलो. खालच्या दगडावर कुऱ्हाडीची धार गेली.

आत आलो तेव्हा तिने दुसऱ्या एका बोर्डावरून एक तार आणून चिपच्या एका पायाला टेकवली होती. त्या बोर्डाचा ठोका उसना दिला होता. चिप बोलायला लागली होती. मग तिने कच्चा टाका पुसून पुन्हा पक्का घातला, तारा आखूड केल्या, उसना ठोका काढून घेतला. दिवा लुकलुकत राहिला. ती मोठ्याने रडायला लागली. मी भाकरी टाकली. एक करपली.

घड्याळाने त्यानंतर चूक केली नाही. अवस-पुनव आली-गेली, फळी ठरल्या वेळी वर गेली, ठरल्या वेळी खाली आली. दादला पायाशी नाही, पण हातभर अंतरावर यायला लागला. लेक म्हणाली होती, पुढच्या खेपेला बोर्डावर वार्निश मारू म्हणजे खारी हवा लागणार नाही, आणि तोवर डबा उघडायचा नाही. मी उघडला नाही. उघाडीवर जाऊन उभं राहणंही सोडून दिलं.

आषाढातली अवस आली, दिव्यांची. श्रावण लागायच्या आदला दिवस, घराघरात मासळी-मटण. लेक सुटी काढून आली होती. पाऊस पडत होता आणि दुपारचं उधाण होतं. मेव्हणा सकाळीच येऊन पडवीत बसला. थोडी पिऊन आला होता, उरलेली बाटली सदऱ्याच्या खिशात.

"दाजी, आज तरी मारा एक," तो म्हणाला. "ताई असती तर आतापावेतो डोकं माझ्या घरी शिजलं असतं."

"ताई न्हाय."

"ताई न्हाय म्हणून रीत पण जाळलीत का?"

"जिभेला आवर घाल."

"मामा, गप रे," लेक आतून म्हणाली.

तेवढ्यात मला आवाज आला. फळी खाली असली की खाडीचं पाणी बांधावर थप थप आपटतं. आता आपटत नव्हतं, घुसत होतं. मी तसाच अनवाणी धावलो.

फळी वर होती. पूर्ण वर. मोरीतून पाणी तोफेसारखं आत येत होतं, जाळी फाटून एका खिळ्याला लोंबत होती, तळं काठोकाठ. उघाडीच्या बाजूची माती ढेकळाढेकळाने पडत होती. मी मोठा हातोडा घेऊन फळीच्या माथ्यावर घातला. हलली नाही. आट्यांत बसलेली. पुन्हा घातला, दांडा मोडला, हाताची साल गेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी थांबलं. ना आत, ना बाहेर. भरती संपली होती. आता ओहोटी लागणार आणि सगळं घेऊन जाणार.

लेक हत्यारांची पिशवी घेऊन डब्याशी पोचली होती. झाकण काढून वास घेतला आणि ओरडली, "यात तेल कोणी घातलं?"

मला वास आला. मुशी माशाचं तेल. होडीच्या लाकडाला चोपडतात ते, घाण वासाचं, चिकट. बोर्ड त्याने माखला होता, आणि त्यावर मीठ, घाण, पाणी बसून खरवड झाली होती. क्रिस्टलच्या दोन्ही तारा त्या चिखलात बुडलेल्या.

"ठोका बंद पडलाय," ती म्हणाली. "चिप पुन्हा वाट बघत बसलीय."

मेव्हणा मागे उभा होता. "मी लावलं," तो म्हणाला. "परवा येऊन लावलं. खाऱ्या हवेत होडी सडते, कुलूप सडतं, सगळ्याला तेल लावतो आपण. म्हटलं ताईच्या तळ्याचं यंत्र..."

त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. मोडका दांडा त्याच्या जबड्यावर बसला. काट्‌ असा आवाज आला. तो चिखलात गेला आणि उठला तो माझ्या पोटात डोकं घालूनच. आम्ही दोघं काठावर पडलो. त्याने माझं तोंड चिखलात दाबलं, नाकातोंडात खारं पाणी गेलं. मी त्याच्या कानाला चावलो. माझे थोडेच दात उरलेत, पण त्या दिवशी तेवढे पुरे झाले.

"माझी भन होती ती!" तो ओरडत होता. "तुझी एकट्याची बायको न्हवती! माझी भन होती!"

"मग मेलास का न्हाय तिच्याबरोबर?"

"तू का न्हाय मेलास?"

मी गुडघा मारला.

"मासे चाललेत!" लेक किंचाळली. "मारून घ्या एकमेकांना, मासे चाललेत!"

आम्ही थांबलो. पाणी उलटं फिरलं होतं. मोरीकडे ओढ लागली होती, आणि त्या ओढीत काळपट पाठी एकामागून एक जात होत्या. मेव्हण्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. त्याने तसाच उठून लुंगी सोडली आणि मोरीच्या तोंडावर आडवी धरली. पाण्याने ती हातातून ओढून नेली. मी कंबरभर पाण्यात उतरून पाय रोवले, हातांनी मासे मागे फेकू लागलो. एकाच्या काट्याने तळहात उभा फाटला.

लेक ओढणीने बोर्ड पुसत होती. तेल जाईना. मग मारामारीत मेव्हण्याच्या खिशातून पडलेली दारूची बाटली तिने बोर्डावर ओतली आणि पिशवीतल्या दात घासायच्या ब्रशने तो घासला, वर फुंकर मारत, शिव्या देत. तिच्या आईच्याच शिव्या. वीज काढून पुन्हा दिली.

मोटर फिरली. तिने ते तसंच करून ठेवलं होतं, यंत्र नव्याने सुरू झालं की आधी फळी खाली. फळी इंचाइंचाने उतरू लागली. अर्ध्यावर आली. आणि मला पाण्यात तो दिसला. दादला. मोरीत तोंड, फळीखाली पाठ, शेपूट माझ्या मांडीला लागत होती. ओढ एवढी की तो ना आत येत होता, ना बाहेर जात होता. मी त्याची शेपूट दोन्ही हातांनी धरून ओढली. हात रक्ताने बुळबुळीत. सुटली.

लेकीलाही दिसलं. तिचा हात वायरवर होता. "बाबा! थांबवू?"

थांबवली असती तर तो कदाचित सुटला असता. आणि त्याच्या मागे जेवढे राहिले होते तेवढेही गेले असते. काठाला सात-आठ पाठी अजून फिरत होत्या, ओढ चुकवत. मी त्यांच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"न्हाय," मी म्हणालो. "येऊ दे खाली."

फळी घाईने आली नाही, पण थांबलीही नाही. त्याच्या पाठीवर टेकली. मोटर कण्हली. मग हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं, कानाला नाही. पाण्याची ओढ बंद झाली. तळं गप्प झालं.

मेव्हण्याने आणि मी मिळून त्याला फळीखालून सोडवला, लेकीने मोटर जराशी उलटी फिरवली तेव्हा. मेला नव्हता. तोंड उघडझाप करत होता. मी म्हटलं, "धोपटणं आण." लेकीने आणलं. मी घातलं. नीट बसलं नाही. पुन्हा घातलं. तिसऱ्या घावाला मेला.

घरी येऊन लेकीने माझा तळहात बांधला आणि मामाच्या जबड्याला फडकं. त्याच्या दोन दाढा गेल्या होत्या, कान सुजून वड्याएवढा झाला होता. मासा कापायला मीच बसलो. पोट उघडलं तर आत वीतभर अंडी धरायची पिशवी. लेक म्हणाली, "मादी हाय, बाबा. जिताडा लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. मोठे सगळे मादीच."

बायकोला हे ऐकवलं असतं तर पोट धरून हसली असती. वर्षानुवर्षं बाईलाच दादला म्हणत होती! मेव्हणा हसायला गेला आणि जबडा धरून कळवळला.

डोकं वेगळं काढलं, चिंच घालून त्याचं कालवण केलं. रीतीप्रमाणे ते माहेरी जायचं, पण पाऊस लागला होता आणि माहेर पडवीतच बसलं होतं. मी वाडगं त्याच्यापुढे ठेवलं. त्याला चावता येत नव्हतं. वाटीने रस्सा ओढत होता, आणि डोक्याचं मऊ मांस बोटांनी काढून तोंडात ठेवत होता, डोळे मिटून. डोळ्यांतून पाणी येत होतं. जबड्याचं असेल, न विचारलेलं बरं.

"दाजी," बोटं चाटत तो म्हणाला. "ताईने एका घावात मारला असता."

"गप खा," मी म्हणालो. "न्हायतर उरलेल्या दाढाही काढीन."

"तीन घाव. शेजारी हायेत ना, ऐकलं असेल सगळ्यांनी."

"मोज की. मोजायला काय जातंय तुझं?"

लेक चुलीशी होती. बोर्ड तिथेच उबेला वाळत ठेवला होता, वार्निशची बाटली शेजारी. पाणी उतरलेलं होतं आणि पुढची भरती यायला वेळ होता. तिने तव्यावर भाकरी टाकली, पाण्याला उठली, आणि मागे न बघता म्हणाली, "बाबा, तेवढी उलट हां."

मी फाटक्या हातानेच उलटली.